वन्संची भाड्याची बदकं

माझ्या नणंदेबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी त्याची खरडपट्टी काढते. वन्संना बोलायचा हक्क माझा एकटीचा आहे आणि मी तो रोज बजावते.

नवरा गेल्यावर वन्सं माहेरी परतल्या, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी त्यांना ओढ्याकडचा एकरभर खोलगट तुकडा दिला. दिला म्हणजे नुसता तोंडानं. कागदावर नाव आमच्या ह्यांचंच राहिलं. आणि जमीन तरी कसली! पाऊस जरा जास्त झाला की पाणी साचायचं आणि कांदा जागच्या जागी सडायचा. लागोपाठ दोनदा सडला तेव्हा वीटभट्टीवाला दारात आला. त्याला तिथली चिकणमाती हवी होती.

"देऊन टाकू," हे म्हणाले. "पैसे तरी हातात येतील."

"आणि माती गेल्यावर मी काय खड्ड्यात पेरू, दादा?" वन्सं म्हणाल्या. "मला एक वर्ष दे."

"दिलं. पण नंतर तुझं काही ऐकणार नाही."

झालं! बाईंच्या अंगात वारंच शिरलं. सगळ्यात खोल कोपऱ्यात त्यांनी तळं खणून घेतलं. निघालेल्या मातीचे उंच वाफे केले, त्यांवर लिंबं आणि भाजी लावली, कडेनं विकायला हिरवं गवत. "एकानं दगा दिला तर दुसरं आहेच की, वहिनी," असं मला समजावायच्या. इथवर ठीक होतं. मग एके दिवशी दारात टेम्पोभर बदकं उतरली. अगं बाई गं, काय तो कलकलाट आणि काय ती घाण! अंगण झाडून झाडून माझे हात गळून गेले. अंडी गावात कुणी घेईना, वास येतो म्हणे. शेवटी बेकरीवाल्याला पटली. त्याचे केक चांगले फुगायला लागले.

बदकांनी आमच्या वाफ्यांतल्या गोगलगायी मात्र साफ केल्या. शेजारच्या मळेवाल्याच्या कोबीची गोगलगायींनी चाळणी केली होती. तो येऊन म्हणाला, "ताई, थोडे दिवस तुमची बदकं सोडा की माझ्याकडे. भाडं देतो."

बदकांचं भाडं! मी हसून हसून बेजार. वन्सं मात्र हुरळून गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी सगळा लवाजमा घेऊन निघाल्या. मळेवाल्यानं नुकतीच नवी रोपं लावली होती. ती मूळ धरेपर्यंत थांबावं, हे ना त्याला सुचलं, ना वन्संना. बदकांनी गोगलगायी खाल्ल्या, पण दुपारपर्यंत रोपं तुडवून वाफ्याचा चिखल केला. मळेवाल्यानं आमच्या दारात येऊन आकांडतांडव केलं.

ह्यांनी तिथल्या तिथे भट्टीवाल्याला फोन लावला. "पुढच्या महिन्यात येऊन बोलणी पक्की करा."

वन्सं भांडल्या नाहीत, आणि मला त्याचीच धास्ती वाटली. त्या गुपचूप नवी रोपं घेऊन आल्या. "येता का वहिनी?" म्हणाल्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि पायात चपला घातल्या. मळेवाल्याचा सगळा वाफा आम्ही दोघींनी पुन्हा लावला. कंबर अजून कुरकुरते. रोपं चांगली रुजेपर्यंत बदकं घरी कोंडून ठेवली. मग त्यांना सकाळी उपाशीपोटी मळ्यात सोडायचं आणि दाणे संध्याकाळी घरी आल्यावरच द्यायचे, असं ठरलं. त्यामुळे ती दिवसभर हुडकून खायची आणि आपल्या पायांनी परत यायची. मळेवाला निवळला. त्याच्या भावकीतलेही विचारायला लागले.

मग ह्यांच्या पायजम्याला रोज सकाळी चिखल दिसायला लागला. हे विचारून सांगतील तर ना! एके दिवशी मी मागोमाग गेले. बघते तर हे बदकं हाकत चाललेत. एक लंगडं बदक काखेत, आणि त्याला म्हणतायत, "तू नको बाई चालूस, मी नेतो तुला."

मला बघून चपापले. "छबीला कणकण आहे, म्हणून आलो."

छबी म्हणजे वन्सं. त्या घरी ठणठणीत बसून गवताच्या पेंढ्या बांधत होत्या.

भट्टीवाला ठरल्याप्रमाणे आला, ओट्यावर बसला. "मग, माती कधीपासून उचलू?"

मी आतून ऐकत होते. ह्यांनी कपाळ खाजवलं. मग म्हणाले, "मला काय विचारता? जमिनीच्या मालकिणीला विचारा."

वन्सं अंड्यांची टोपली घेऊन दारातच उभ्या होत्या. सगळा जन्म 'दादा म्हणेल तसं' करण्यात गेलेला. त्या नुसत्या ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"अहो वन्सं, बोला की!" मी ओरडले.

"नाही द्यायची," त्या हळूच म्हणाल्या. मग बहिऱ्याला सांगावं तसं मोठ्यानं, "माती नाही द्यायची!"

भट्टीवाला गेला. वन्सं तिथंच बसून हमसून हमसून रडल्या. हे शेजारी बसले, पण ह्यांना कुणाची समजूत काढता कुठं येते? शेवटी म्हणाले, "उद्या कचेरीत जाऊ. तुझं नाव लावून टाकू कागदावर."

"उद्या नको रे दादा," वन्सं नाक पुसत म्हणाल्या. "उद्या बदकं मळ्यात न्यायची आहेत."

"बदकं तुझी वहिनी नेईल."

मला विचारलंसुद्धा नाही. मी नेली.