शिवरात्रीला पडलेली शितं

भगर शिजल्याचा वास आला की मला मूर्तिजापूरच्या घरातली एक महाशिवरात्र आठवते. लेकीचे सासू-सासरे फराळाला आले होते, आणि सांडलेला बेल उचलायला वाकलेल्या माझ्या आईच्या तोंडून भाताची शितं फरशीवर पडली. "माय, उपास झेपत नाई तं कायले धरला? चोरून जेवून रायली का?" मी सगळ्यांसमोर बोललो. "तुही आन रे बापू, काल रातीपासून काईच खाल्लं नाई," ती शपथ घेऊन म्हणाली, पण विहीणबाई मान खाली घालून हसल्या. पुढं तिचा खोकला थांबेना, म्हणून अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला आणि दाखवलं, अन्ननलिकेच्या भिंतीला वरच्या बाजूला पिशवी झाली होती. गिळलेलं अन्न तिच्यात साचून दुसऱ्या दिवशीही तसंच वर येत होतं. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी पिशवी आणि नळी यांच्यामधला पडदा कापला, आणि घास सरळ उतरू लागला. घरी मऊ भात पुढं ठेवला, तर तिनं आधी विचारलं, "विहीणबाईले सांगतलं का रे?" मी "सांगितलं" म्हणालो, तेव्हा ती पोटभर जेवली. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण विहीणबाईंना मी अजूनही सांगितलेलं नाही.