ताईंचं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर

रहाटणीतल्या आमच्या गल्लीत डिझाइनचं काम करणारी पाच-सहा ऑफिसं होती. त्यांत सॉफ्टवेअर रीतसर विकत घेऊन वापरणाऱ्या एकट्या ताई. बाकी सगळे पेनड्राइव्हवर फिरणारी चोरटी प्रत वापरत आणि वर ताईंनाच हसत. "मी कुणाची टाचणीसुद्धा न विचारता घेत नाही," ताई म्हणायच्या, "मग हे कसं घेऊ?"

ताई मूळच्या लातूरच्या. चाकणच्या कारखान्यांत पत्रा दाबून भाग काढणाऱ्या प्रेस मशीनवर जे डाय, म्हणजे साचे, लागतात त्यांची ड्रॉइंग करून द्यायच्या. मी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होते. ड्रॉइंग पक्कं करण्याआधी त्या स्वतः मशीनपाशी जाऊन उभ्या राहत आणि प्रेस चालवणाऱ्याला विचारत, "भाऊ, हात कुठून घालता तुम्ही?" बाहेर आल्यावर मला सांगत, "साहेब माप बघतो गं. बोटं याची जातात."

एका मार्चमध्ये त्यांचा लॅपटॉप बंद पडला. काळेवाडीच्या सलीमभाईंनी उघडून बघितला. मदरबोर्ड गेला होता. त्यांनी नवा बसवला, पण लॅपटॉप परत देताना ते जरा अडखळले. "ताई, फायली समद्या हायेत. पण सॉफ्टवेअर बोर्डावरनं मशीन वळखतं. आता ते तुम्हाला वळखंल का, न्हाई सांगता येत."

नाहीच ओळखलं. पडद्यावर सूचना आली, 'हे लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर नोंदलेलं आहे.' ताईंनी ती दोनदा वाचली. "मला चोर म्हणायलेत का हे?"

त्यांनी सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. रागावल्या की त्या बसून बोलत नसत, उभ्या राहत. त्या दिवशी दुपारभर उभ्या होत्या. पलीकडची मुलगी गोड आवाजात तेच तेच सांगत होती, "मॅडम, सिस्टिमला हा नवीन कॉम्प्युटर दिसतोय."

"बाई, माझ्या आईचा गुडघा बदलला," ताई म्हणाल्या. "म्हणून रेशनकार्डावर दुसरी बाई लिहिली का कुणी?"

मुलगी म्हणाली, "मी तुमची तक्रार पुढे पाठवते."

तक्रार पुढे गेली ती गेलीच. पावती पाठवा, जुन्या बोर्डाचा फोटो पाठवा, दुरुस्ती कुणी केली ते कळवा. ताई सगळं पाठवत राहिल्या. इकडे चाकणच्या एका कारखान्याचं काम अडलं होतं. तिथल्या प्रेसवर हात आत जाऊ नये म्हणून ताई गार्डची, म्हणजे मशीनपुढच्या संरक्षक जाळीची, रचना बदलून देणार होत्या. शेजारच्या ऑफिसातला डिझायनर पेनड्राइव्ह घेऊन आला. "ताई, पाच मिनिटांत चालू करून देतो. कुणाला कळणारे?"

"मला कळेल की," ताई म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात कारखान्याने ते काम काढून घेतलं आणि दिलं त्याच शेजाऱ्याला. त्याने चोरीच्या प्रतीवर ते दोन दिवसांत उरकलं. मशीनपाशी तो एकदाही गेला नाही. चोराचं काम बिनबोभाट चाललं होतं, आणि जिच्याकडे पावती होती ती फोटो काढून पाठवत बसली होती!

त्यानंतर कधीतरी कंपनीचं उत्तर आलं. 'आपली विनंती केवळ अपवाद म्हणून मान्य करत आहोत.' सॉफ्टवेअर चालू झालं, पण ताईंनी मला समोर बसवून उत्तर टाइप करायला लावलं. "लिही. विनंती केली नव्हती. माझी वस्तू मागितली होती." त्या पत्राला कुणी उत्तर दिलं नाही.

वर्षभरात ताईंनी ऑफिस बंद केलं. लातूरला आई एकटी होती, आणि चाकणचं ते काम व त्यापाठोपाठ आणखी एक सुटलंच होतं. जाताना त्यांच्या मनात एकच होतं, ते सॉफ्टवेअर माझ्या नावावर करून द्यायचं, म्हणजे उरलेली गिऱ्हाइकं मला सांभाळता येतील. त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी उत्तर लगेच मिळालं. लायसन्स दुसऱ्याला देता येत नाही. मालकी कंपनीचीच असते, गिऱ्हाइकाला फक्त वापरायची परवानगी असते.

ताई ऐकता ऐकता खुर्चीवर बसल्या. भांडल्या नाहीत. फोन ठेवून मला म्हणाल्या, "एवढी वर्षं मी भाड्याच्या घरात राहत होते गं. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, घर माझं आहे."

काम गेलं तेव्हा त्यांचा चेहरा असा पडला नव्हता. रागावल्या की उभ्या राहणाऱ्या ताईंना त्या कंपनीने असं खाली बसवलं, त्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही.