डाव्या हाताला ठेवलेला ग्लास

कामण गाव मागे पडलं आणि गोदामं संपली. भिवंडीपासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची ती अवाढव्य गोदामं, त्यांच्या तोंडाशी उभे ट्रक आणि धूळ एवढंच बघत आले होते, त्यामुळे वसईची पहिली हिरवाई दिसताच मी गाडीची काच खाली केली. मी नाशिकची. वाइनरीत आलेल्या पाहुण्यांना चार घोट चाखवून त्यांची जीभ सैल करणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सुट्टीतही मी दुसऱ्या गावची दारूच चाखायला जाते, यावर घरी माझी यथेच्छ चेष्टा होते. पिण्याच्या दौऱ्यावर स्वतः गाडी चालवायची नाही, एवढं पथ्य मात्र मी पाळते. भाड्याच्या गाडीने मला गिरीजच्या नाक्यावर सोडलं आणि ती माघारी वळली.

आमंत्रण हेमंतभाऊंचं होतं. पावसाळ्यात ते आमच्या वाइनरीत आले होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. अर्नाळ्याच्या वाटेवर त्यांची नारळ-केळीची वाडी आणि वाडीतच छोटंसं हॉटेल. दिवसभर पाहुण्यांबरोबर घोट घेऊनही मी ताठ उभी आहे, हे ते बराच वेळ निरखत होते.

"तुम्हाला चढत नाही का, ताई?"

"मला चढली तर पाहुण्यांना कोण सांभाळणार?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "दिवाळीनंतरच्या अमावास्येला या. वसईची चव दाखवतो," म्हणाले. अमावास्याच का, हे विचारायचं काही माझ्या डोक्यात आलं नाही. खाण्यापिण्याचं बोलावणं आलं की माझी अक्कल अशीही रजेवर जाते.

नाक्यावर त्यांनी ठरवलेली रिक्षा उभी होती. आंतोन नावाचा, गळ्यात क्रूस घातलेला उतारवयाचा रिक्षावाला. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान हलवली आणि रिक्षा सुरू केली.

पहिला थांबा गिरीजमधल्या एका बारचा. समोर केळीची बाग, आत पंखा आणि पाच-सहा टेबलं. मी बसते न बसते तोच काउंटरवरचा तरुण ग्लास घेऊन आला.

"मॅम, हेमंत अंकलच्या गेस्ट ना? तुमचं रेडी आहे."

मी अजून काही मागवलंच नव्हतं. जांभळाचा रस, जिन, वर गवती चहाची काडी आणि काठाला खडे मीठ. पहिल्या घोटाला तुरट, दुसऱ्याला थंडगार, आणि मागे राहणारा गवती चहाचा वास. आमच्याकडचे लोक असल्या कॉकटेलला चांगलं लांबलचक नाव देऊन विकतील. त्याने ग्लास माझ्या डाव्या हाताला ठेवला होता. मी तो उचलून उजवीकडे घेतला. बोंबलांची बशी घेऊन आला तेव्हा त्याने तो काही न बोलता परत डावीकडे सरकवला.

"इकडेच राहू दे ना मॅम, प्लीज."

बोंबील इतके कुरकुरीत होते की मी तो विषय सोडून दिला. निघताना त्याने पैसे घेतले नाहीत, आणि मी पायरी उतरेपर्यंत तो उभा राहिला. वसईचे लोक फार अगत्यशील, असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं.

नंदाखालला रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना माड, खाली केळी, मधूनच एखादा पांढरा क्रूस, एखाद्या घरापुढे तुळस. वारा अजिबात नव्हता. एरवी केळीचं पान कशानेही हलतं, पण त्या दुपारी एकही पान हलत नव्हतं. एका वाडीत म्हातारा माडी (माडाच्या फुलोऱ्यातून काढलेला, आंबत जाणारा रस) घेऊन बसला होता.

"बस बाय. सकालची हाय, अजून गोडी हाय तिला. पानी नाय घातलेलं."

त्याने पेला भरला, माझ्या डाव्या बाजूला ठेवला आणि पाठ वळवली. माडी खरोखर उत्तम होती. किंचित फसफसणारी, शहाळ्याच्या जवळची, शेवटी ताकासारखी आंबट. मी तारीफ केली, तरी तो माझ्या डोळ्यांकडे बघेना. आंतोनला मात्र तो हलक्या आवाजात म्हणाला, "उंचीपन तेवढीच हाय रे हिची."

"कोणाएवढी?" मी विचारलं. आंतोन म्हणाला, "चला मॅडम, भुजिंग थंड होईल."

आगाशीचं भुजिंग (कोळशावर भाजलेली मसालेदार कोंबडी, पोह्यांत कालवलेली) खाण्यासाठी लोक लांबून येतात. दुकान भरलेलं होतं. धूर, लसूण, भाजलेल्या मांसाचा वास, आणि पाठीमागे कुणाचं तरी चढ्या आवाजात चाललेलं भांडण. माझी बशी आली आणि भांडण थांबलं. बशी ठेवली गेली डावीकडेच. मी वर पाहिलं तर कोणीच खात नव्हतं. सगळ्यांचे हात आपापल्या बशीवर थांबलेले. मी पहिला घास घेतला, तेव्हा ते सगळे एकदम जेवू लागले. भांडणही जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू झालं. तिखट चांगलं होतं, पोह्यांना धुराची चव लागली होती, पण मी बशी पुढे सरकवून उठले.

रिक्षात बसल्यावर मी आंतोनला बजावलं, "काय चाललंय ते सांगितल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

त्याने रिक्षा एका वडाखाली घेतली आणि सांगितलं. हेमंतभाऊंना एक बहीण होती, जयू. वाडीतलं हॉटेल तिचंच. दारूत निरनिराळ्या गोष्टी मुरवून नवीन चवी काढायचा तिला नाद. एका पहाटे ती अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेली ती परतलीच नाही. वाळूत चपला सापडल्या, ती सापडली नाही.

"त्यांच्या घरात रीत हाय. मानूस गेलं आन् मिळालं नाय, तर त्याच्या वयाचं एक परकं मानूस आनायचं. ते जिथंजिथं खायचं-प्यायचं, तिथं त्याला खायला-प्यायला घालायचं, शेवटी घरी बसवायचं. त्यानं ग्लास रिकामा करून पालथा घातला, म्हंजे गेलेलं मानूस जेवून गेलं. मग पुढचं क्रियाकर्म करायचं."

"आणि तो डावा हात?"

"जयू डावखुरी. आम्ही क्रिस्तांव, आमच्यात गेलेल्या मानसासाठी चर्चात मिस्सा असतो. पन जयू माझ्याच रिक्षात फिरायची. म्हनून दरवर्षी बाईला मीच आनतो."

"दरवर्षी?"

"ग्लास रिकामा होतच नाय ना. म्हातारी, जयूची आई, वरून ओतत राहते. बाया थकतात, उठून जातात."

तेव्हा मला हेमंतभाऊंचा वाइनरीतला प्रश्न उमगला, आणि मी संतापले. मला चव दाखवायला नव्हे, पिऊन पुरून उरायला बोलावलं होतं. मी पिशवी उचलली आणि खाली उतरले.

आंतोन रिक्षातूनच म्हणाला, "म्हातारी रोज तिन्हीसांजेला डबा घेऊन किनाऱ्यावर जाते, पोर भुकेली असेल म्हनून. या पावसात लाटेनं ओढली तिला. मी बघितलं म्हनून वाचली. पुढच्या वेळी मी नसलो तर?"

मी थोडा वेळ वडाखाली उभी राहिले. मग परत रिक्षात बसले. राग गेला नव्हता, तो सोबत घेऊनच बसले.

वाडीच्या फाटकाशी हेमंतभाऊ हात जोडून उभे होते. "आधी सांगितलं असतं, तर आला असतात?"

"नसते आले."

"म्हणून नाही सांगितलं," ते म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली.

माडांच्या सावलीत एकच टेबल मांडलं होतं. त्यांच्या आई आधीच तिथे बसल्या होत्या. लहानखुऱ्या, वाळलेल्या, आणि नजर माझ्या चेहऱ्यावर नाही, माझ्या डाव्या हातावर. ताटात तांदळाची भाकरी, पापलेटाची आमटी आणि सुकेळी (सोलून उन्हात सुकवलेली राजेळी केळी). बाजूला काचेची बरणी, तळाशी काळसर दारू. जयूने स्वतः सुकेळी घालून मुरत ठेवलेली मोहाची दारू होती ती.

"बस गो. घाई नको करू," आई म्हणाल्या आणि त्यांनी ग्लास भरला.

इतक्या वर्षांत मी पुष्कळ काही चाखलं आहे, पण अशी चव नाही. मोहाचा उग्र वास सुकेळ्यांनी आपल्या पोटात घेतला होता. आधी गूळ, मग धूर, मग घशात एक लांबलेली ऊब. करणारीला हात होता, आणि तो हात आता या जगात नव्हता, या विचाराने मला भडभडून आलं. मी निम्मा ग्लास संपवला, आईंनी तो भरला. पुन्हा प्यायले, पुन्हा भरला. भाकरी गार झाली. वाडीत एक पाखरूही ओरडत नव्हतं. "अजून वाईच घे," एवढंच त्या मधूनमधून म्हणत. मी पीत होते, त्या ओतत होत्या. आणि केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी डाव्या हाताने पितेय. मी मुद्दाम तसं केलं नव्हतं. कधीपासून, तेही आठवेना.

मग त्यांनी बरणी उपडी धरली आणि तिच्यातून काही आलं नाही. त्यांनी ती हलवली. एक थेंब पडला. ग्लासात शेवटचा घोट होता आणि हेमंतभाऊ श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. मी ग्लास उचलणार, एवढ्यात आईंनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

"थांब ना गो जरा. आताच तर आलीस."

मला तो घोट घेववेना. मी मनगट सोडवून घेतलं नाही, ग्लास तेवढा त्यांच्यापुढे ठेवला. "आई, मी परकी बाई. मुलगी तुमची आहे. हा घोट माझा नाही."

"ताई!" हेमंतभाऊ कळवळून म्हणाले. माझ्यामुळे सगळं फुकट गेलं असंच त्यांना वाटलं असणार, मलाही तसंच वाटत होतं.

आईंनी त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ही ती नव्हे, हे त्यांना तेव्हा दिसलं असावं. त्यांनी माझा हात सोडला, दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि तो घोट स्वतःच पिऊन टाकला. जन्मात दारूला न शिवलेली बाई ती. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पदराने तोंड पुसून त्यांनी ग्लास टेबलावर पालथा घातला.

"रोज सांगायची, आये, एकदा चाखून तर बघ," त्या म्हणाल्या. "कधी नाय चाखली मी."

हेमंतभाऊ खांबाला टेकून लहान मुलासारखे रडले. आईंनी माझ्या ताटातली गार भाकरी पुढे ओढली आणि त्या जेवू लागल्या.

त्या रात्री मी त्यांच्याकडेच राहिले. तिन्हीसांजेला आई ओट्यावर बसून होत्या, पण फाटकाकडे गेल्या नाहीत. सकाळी आंतोनने मला नाक्यावर सोडलं. उतरताना तो म्हणाला, "काल मी किनाऱ्यावर जाऊन आलो. म्हातारी दिसली नाय. लय बरं वाटलं." पुन्हा कामण लागलं, गोदामं लागली. प्यायलेलं केव्हाच उतरलं होतं, तरी मी सारखी माझ्या डाव्या मनगटाला हात लावून बघत होते.

नाशिकला घरात पाऊल टाकते तोच फोन वाजला. नंबर हेमंतभाऊंचा, आवाज आईंचा.

"पोचलीस गो?"

"पोचले, आई."

"वाटेत तरास नाय ना झाला?"

"नाही झाला."

"तिथं कोन हाय तुझ्याजवळ?"

"आहेत ना. आपली सगळी माणसं आहेत."

मग त्या म्हणाल्या, "मग बरं. जेवून घे," आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या कोणाशी बोलत होत्या, हे मला त्यांच्या पहिल्याच शब्दाला कळलं होतं. मी वसईहून काय आणलं असं लोक विचारतात, तेव्हा मी भुजिंगाचं आणि माडीचं रसभरित वर्णन करते. त्या फोनचं मात्र कोणाला सांगितलं नव्हतं. जयूच्या नावाने मी खोटं बोलले, आणि पुन्हा फोन आला तर पुन्हा हेच बोलेन.