‘सांभाळून’ नावाचा रकाना

बस डेपोच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागूनच चार्टची खोली आहे. तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दाराबाहेर काचेचा फलक. रोज दुपारी तीनला त्या फलकात दुसऱ्या दिवशीचा ड्यूटी चार्ट लागतो. कोणता ड्रायव्हर, कोणता कंडक्टर, कोणती गाडी, कुठला मार्ग, किती वाजता. एकशे चौऱ्याऐंशी माणसांचा उद्याचा दिवस त्या एका कागदावर असतो आणि अडीचपासूनच जिन्यात त्यांच्यापैकी निम्मी उभी असतात.

खोलीतल्या तिसऱ्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना डेपोत ‘डबलबेल’ म्हणतात. त्या अकरा वर्षं कंडक्टर होत्या. कंडक्टरने दोनदा घंटी मारली की ड्रायव्हर गाडी सोडतो. बाईंची ती घंटी सगळ्यात उशिरा वाजायची. शेवटचा प्रवासी दांडा धरून नीट उभा राहिल्याशिवाय त्या दोरीला हात लावत नसत. त्यांच्या गाड्या चार-पाच मिनिटं मागे धावायच्या, ड्रायव्हर कुरकुरायचे, पण अकरा वर्षांत त्यांच्या गाडीत एकही माणूस पडला नाही. मग गुडघा गेला आणि त्यांना वर बसवलं.

त्यांचं वय एक्कावन्न. नवऱ्याचं केस कापायचं दुकान डेपोपासून चालत सात मिनिटांवर. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी. घरी सासूबाई, ज्यांच्या मते सून अजून कंडक्टरच आहे, फक्त आता गाडी वरच्या मजल्यावर उभी असते.

त्या महिन्याच्या चार तारखेला मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमचा परवाना संपतोय. पुढच्या महिन्यापासून सर्व डेपोंनी नवा प्रोग्रॅम वापरावा. तीस तारखेला अधिकारी येऊन बघतील. ज्या डेपोला जमणार नाही, त्याचा चार्ट मुख्य कार्यालयातच तयार होईल.

डेपो मॅनेजरांनी पत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं. “तुम्ही प्रशिक्षणाला जाऊन आलात ना? मग आता या दोघांना तयार करा.”

“आणि नाही झाले तर?”

“तर उद्या कुणी जायचं आणि कुणी नाही, हे चाळीस मैलांवरचा माणूस ठरवेल. ज्यानं आपला एकही ड्रायव्हर पाहिलेला नाही.”

‘हे दोघं’ म्हणजे चार्टकाका आणि अक्का. चार्टकाका बावीस वर्षं चार्ट बनवत होते, निवृत्तीला चौदा महिने उरले होते. अक्का रजेचे अर्ज नोंदवायच्या. दोघांनीही आयुष्यात एकच स्प्रेडशीट पाहिली होती. तिच्यातल्या कुठल्या चौकटीवर बोट ठेवलं की काय होतं, हे त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांइतकं ठाऊक होतं.

“बाई,” काका म्हणाले, “हा नवा प्रोग्रॅम दिसतो बरा. पण नव्या जावयासारखा आहे. काय विचारावं ते कळत नाही.”

“मला तर त्याने ‘सेव्ह करायचं का’ असं तीनदा विचारलं,” अक्का म्हणाल्या. “इतकं तर आमच्या घरात मला कोणी विचारत नाही.”

बाईंनी घाई केली नाही. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास. एका दिवशी एकच गोष्ट. अक्का आठवड्यात सरावल्या, कारण नव्या प्रोग्रॅममध्ये अक्षर मोठं करता येत होतं आणि ही गोष्ट त्यांना जुन्यात इतक्या वर्षांत कोणी सांगितली नव्हती. (करता जुन्यातही येत होतं. बाईंनी ते सांगितलं नाही.)

प्रश्न काकांचा होता. सगळी बटणं त्यांना कळली. तेरा तारखेला त्यांनी पहिला चार्ट नव्या प्रोग्रॅमवर स्वतः बनवला. नावांची यादी मुख्य कार्यालयाने नव्या प्रोग्रॅमसाठी तयार करून पाठवली होती. तीनला कागद फलकात लागला आणि सव्वातीनला जिन्यात आरडाओरडा सुरू झाला.

“काका, मला पहाटेची गाडी? पोरांना शाळेत कोण सोडणार?”

“मला पुलावरचा मार्ग? मला?”

सगळ्यात मोठा आवाज दोन मेहुण्यांचा होता. एक ड्रायव्हर, एक कंडक्टर. सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते आणि चार्टने त्यांना आठ तासांसाठी एका गाडीत बसवलं होतं. “याच्या गाडीत मी घंटी मारणार नाही,” कंडक्टर म्हणाला. “मारू नकोस, मी थांबणारच नाही,” ड्रायव्हर म्हणाला. एवढंच सहा वर्षांतलं त्यांचं संभाषण.

मॅनेजरांनी तो कागद काढून जुन्या प्रोग्रॅमवरचा लावायला सांगितला. काका खुर्चीत बसले. “तुमचा प्रोग्रॅम माणसं ओळखत नाही, बाई,” एवढंच बोलले.

“पण काका, कोणाला कुठली गाडी ते तर तुम्हीच भरलंत.”

काकांनी कॉम्प्युटर बंद केला. चौदा तारखेला त्यांनी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. पंधराला त्यांनी नवा प्रोग्रॅम उघडलाच नाही. बाईंनी समजावलं, थोडं चिडवलं, मॅनेजरांनी आवाज चढवला. काका ऐकून घ्यायचे आणि जुनी फाईल उघडायचे. का, ते सांगायचे नाहीत. मॅनेजर म्हणाले, हट्टी आहे. अक्का म्हणाल्या, वय झालं. काकांनाही मनातून तेच वाटत होतं, हे नंतर कळलं.

रविवारी बाई नवऱ्याच्या दुकानात बसल्या होत्या. गिऱ्हाईक नव्हतं.

“इतका हुशार माणूस,” त्या म्हणाल्या, “आणि बोलायलाच तयार नाही.”

नवरा कात्री पुसत होता. “कानाजवळ कापू नका म्हणणारी गिऱ्हाइकं असतात ना, त्यांच्या कानामागे नेहमी काहीतरी असतं. व्रण म्हण, चामखीळ म्हण. विचारलं की उठून जातात.”

“मग काय करता अहो तुम्ही?”

“विचारत नाही. कंगवा फिरवताना बघून घेतो.”

सोमवारी सकाळी बाईंनी कपाटातून जुन्या चार्टचे गठ्ठे काढले आणि तेरा तारखेच्या नव्या चार्टशेजारी ठेवले. नव्या कागदावर नावं एका रेषेत उभी होती, पट्टी लावून बघितली तरी. जुन्या कागदावर रांग वाकडी होती. काही नावं केसभर आत सरकलेली. काही त्याहून जास्त. त्यांनी आणखी मागचे गठ्ठे सोडले. तिथेही तेच, पण सरकलेली नावं वेगळी. नऊ वर्षांपूर्वीच्या एका कागदावर त्यांचं स्वतःचं नाव आत होतं. दुसऱ्या दिवशीही. त्यांनी पानं मोजली. चौतीस.

त्या चौतीस दिवसांत त्यांची आई हॉस्पिटलमध्ये होती. रात्री त्या तिच्याजवळ असायच्या आणि सकाळी आठला भाऊ आला की निघायच्या. त्या काळात त्यांना एकदाही पहाटेची गाडी आली नव्हती. तेव्हा त्यांना वाटलं होतं, नशीब.

काका आल्यावर त्यांनी कागद पुढे केला. “काका, माझं नाव आत का होतं?”

काकांनी चष्मा पुसला. “टायपिंगची चूक असेल.”

“सलग चौतीस दिवस?”

“माझ्या चुका फार होतात.”

“सांगून टाका हो आता,” अक्का स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. “मला केव्हापासून माहितीये.”

“तुला काय माहितीये?”

“रजेचे अर्ज माझ्याकडे येतात. घरी आजारपण म्हणून कोणी अर्ज केला की दुसऱ्या दिवशी त्याचं नाव सरकलेलं. आधी मला वाटलं, तुमचा स्पेसबारच आगाऊ आहे.”

मग काकांनी सांगितलं. नावाआधी एक जागा मोकळी म्हणजे पहाटेची गाडी नको. दोन म्हणजे पुलाचा मार्ग नको, कारण ज्याचा भाऊ त्या पुलावर गेला त्याला तिथून रोज गाडी न्यायला लावायची नसते. तीन म्हणजे अमक्याबरोबर तमका नको. नियमाने पाळी सगळ्यांना सारखी. सवलत कागदावर दिसली तर उरलेले सगळे दारात येतील, आणि एखाद्याच्या घरातलं दुखणं फलकावर लागेल. म्हणून मोकळी जागा. ती वाचता येत नाही, फक्त काकांना दिसते.

“आणि फुकट नाही देत,” ते म्हणाले. “अडचण संपली की रविवारी दुपारची एक ड्यूटी घेतो त्याच्याकडून. बरोबर करतो.”

मुख्य कार्यालयाने यादी पाठवताना नावांमधल्या जादा मोकळ्या जागा काढून टाकल्या होत्या. साफसफाई म्हणून. एक्केचाळीस माणसांच्या अडचणी एका बटणात गेल्या होत्या. काकांचा हात नजरेच्या सवयीने चालायचा, खुणाच नाहीत हे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

“म्हणजे मी विसरायला लागलो नाही?” काकांनी विचारलं.

“तुमच्या खुणा पुसल्या, काका. तुम्ही नाही.”

काकांनी गठ्ठा बांधून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “शिकवा. आता शिकवा.”

बाईंनी नावांशेजारी एक नवा रकाना घातला. मथळा काय द्यायचा यावर चर्चा झाली. ‘सवलत’ काकांना चालेना, ‘अडचण’ अक्कांना. शेवटी काकाच म्हणाले, “सांभाळून.” रकान्यात फक्त एक, दोन किंवा तीन आकडा. छापताना रकाना लपवायचा. आणि जुन्या फाईलमध्ये कोणी कधीच बसवलं नव्हतं असं एक काम बाईंनी केलं. आकड्याच्या विरुद्ध ड्यूटी टाकली की चौकट लाल होईल.

काकांनी जुनी फाईल समोर ठेवून एक्केचाळीस नावं सांगितली, अक्कांनी भरली. मग काकांनी मुद्दाम भाऊ गमावलेल्या ड्रायव्हरला पुलाच्या मार्गावर टाकलं. चौकट लाल झाली.

“अरे!” काका खुर्चीतून अर्धे उठले. “हा ओरडतो की!”

मग त्यांनी दोन्ही मेहुण्यांना एका गाडीत बसवलं. दोन चौकटी लाल. काकांनी तीनदा बसवलं आणि तीनदा हसले.

वीस तारखेपासून चार्ट नव्यावर निघू लागला. तीन दिवस जिन्यात लोक येऊन कागद वाचून गप खाली गेले. चार्टच्या खोलीत याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

तीस तारखेला मुख्य कार्यालयातून अधिकारी बाई आल्या. साडेदहाला, चार्ट जवळजवळ पुरा झाला असताना, अक्कांचा फोन वाजला. एक ड्रायव्हर जिन्यावरून पडलेला, एकाच्या बायकोचे दिवस भरलेले, एकाचा नुसता ताप. तिघेही उद्या नाहीत. जुन्या फाईलवर अशा वेळी काकांना पाऊण तास लागायचा, सगळी साखळी हलवायला लागायची.

मॅनेजर बाईंकडे बघू लागले. बाईंनी हात मांडीवर ठेवले.

काकांनी तीन नावं काढली. पर्यायी माणसं टाकत गेले. दोन चौकटी लाल झाल्या, त्यांनी जिभेने ‘च्च’ केलं आणि बदलल्या. पुन्हा एक. बदलली. मग प्रिंट काढली.

अधिकारी बाईंनी घड्याळ बघितलं. “अकरा मिनिटं.”

“पहिल्या मिनिटात चष्मा शोधत होतो,” काका म्हणाले.

“आणि हा लपवलेला रकाना? हा आमच्या नमुन्यात नाही.”

बाई उठल्या. “मॅडम, हा काढून तुमच्याकडे चार्ट बनवला, तर तो तीनला लागेल आणि सव्वातीनला जिना भरेल. आमच्याकडे तेरा तारखेला भरला होता. कागद ठेवलाय, चुकलेल्या ड्यूट्यांवर लाल खुणा करून. बघता?”

अधिकारी बाईंनी कागद बघितला. मग तो परत मागितला आणि दुसऱ्यांदा बघितला. आठवड्याने आदेश आला. चार्ट डेपोतच तयार होईल, रकाना राहील, आणि ज्यांना अजून जमलेलं नाही अशा पाच डेपोंच्या कारकुनांना हाच डेपो शिकवेल.

जुना प्रोग्रॅम काढायचं काम काकांनी मागून घेतलं. “बाईंनी काढला तर मला वाईट वाटेल. मी काढला तर त्याला.”

पाच डेपोंचे कारकून एका मंगळवारी आले. पुढच्या रांगेत एक जाड भिंगांचे, काकांच्याच वयाचे गृहस्थ हाताची घडी घालून बसले. बाईंनी बोलायला सुरुवात केली तसं ते म्हणाले, “बटणं कळली हो. पण आमचं जुनंच बरं आहे.”

“का?” बाईंनी विचारलं.

“असंच.”

काकांनी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी घेतलं. आवाज खाली आणला. “तुम्ही कशात ठेवता?”

गृहस्थांनी दाराकडे बघितलं, मग काकांकडे. हाताची घडी सुटली.

“रंगात,” ते म्हणाले. “फिकट पिवळा. छापल्यावर दिसत नाही.”

पाच वाजेपर्यंत त्यांचा चार्ट नव्या प्रोग्रॅमवर होता.