वाटूरहून आणलेला कोंबडा

आता काय सांगू तुम्हाला, आपल्या अकलेचा पंचनामा आपल्याच तोंडानं करायचा म्हणजे जिवावर येतं. पण तुम्ही चहा पाजलाय, तर सांगतो. फक्त मधी हसू नका. मधी हसलात की मी बिथरतो.

मी तेव्हा जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या एका कंपनीत होतो. एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. काम काय? संकरित बियाण्याच्या प्लॉटवर जायचं आणि नराची ओळ कोणती, मादीची ओळ कोणती ते तपासायचं. एक झाड इकडचं तिकडं दिसलं की उपटून बांधावर! शेतकरी मला 'साहेब' म्हणायचे. माझ्या नजरेची पंचक्रोशीत ख्याती होती. म्हणजे, मला तसं वाटायचं.

नुकतंच लग्न झालेलं. सासुरवाडी केदारखेड्याची. सासऱ्यांचं नाव भाऊराव, मी त्यांना मामा म्हणायचो. मामांचा जीव दोनच गोष्टींत होता. एक त्यांची लेक, म्हणजे आमची शोभा, आणि दुसरी त्यांची असील कोंबडी. यातली पहिली कोण आणि दुसरी कोण, हे शोभानं त्यांना कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

तुम्ही असील बघितलंय का कधी? नाही? मग काय बघितलं! गावठी कोंबडी पायात घोटाळते, हाकललं की पळते. असीलचं तसं नाही. उंच, मान ताठ, पाय हे असे जाड, पिसं अंगाला चापून बसवल्यासारखी, तुरा म्हणावा तर एवढासा, आणि डोळा मोत्यासारखा पांढुरका. ते पाखरू तुमच्याकडं बघायला लागलं ना, की तुमचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडं जातो.

मामा झुंजी लावणारे नव्हते. कोणी विचारलं तर म्हणायचे, "लढवायला न्हाई ठिवत आपण. हे जातिवंत हाये. आता जिकडं तिकडं भेसळ झाली. असली घराणं टिकलं पाह्यजे, बस."

आणि त्या पावसाळ्यात नेमकी गावातल्या कोंबड्यांवर मर आली. आठ दिवसांत मामांची सगळी पाखरं गेली. उरली एक म्हातारी मादी. मामा दोन दिवस जेवले नाहीत. पोळा झाल्यावर आम्ही गेलो, तर त्यांनी मला गोठ्यामागं बोलावून घेतलं.

"जावईबापू, एक काम हाये. वाटूरला सोनाजी गुरुजी राह्यतात. शाळेतून रिटायर झाले. आपल्याच घराण्याची पाखरं हायेत त्यांच्यापाशी. तिथून एक नर आणा. ही म्हातारी अजून एखादी खेप अंडी देईल. तेवढ्यात नर न्हाई भेटला, तर संपलं मंग."

"मग तुम्हीच का नाही जात?"

मामा जमिनीकडं बघायला लागले. "त्याचं माझं वीस वर्षं झाले बोलणं न्हाई. माझं नाव बी काढू नका. सोतासाठी पाह्यजे म्हणा." मग जरा थांबून म्हणाले, "नर कसा बघून घ्यायचा, ते सांगू का?"

मी हसलो हो! चक्क हसलो. म्हणालो, "मामा, नर-मादी ओळखायचाच तर पगार घेतो मी!"

शोभा माहेरीच राहिली आणि मी रविवारी सकाळी सातच्या एसटीनं जालन्याहून निघालो. वाटूर फाट्यावर उतरलो, गुरुजींचं घर विचारत गेलो. गुरुजी अंगणातच होते. पांढरा सदरा, नाकावर चष्मा, आणि मांडीवर एक पाखरू. कोमट पाण्यात फडकं बुडवून त्या पाखराचे पाय पुसत होते. एकेक बोट वेगळं करून, लहान लेकराचे पुसावेत तसे! अंगण इतकं स्वच्छ की मी चप्पल बाहेरच काढली.

"जयभीम. या, बसा. कुठून आले?"

"जयभीम गुरुजी. जालन्याहून. असील बघायला आलो."

झालं! माणूस उजळलाच. प्रत्येक पाखराची आजी, पणजी, पणजीची बहीण, सगळं तोंडपाठ. कोणतं कधी आजारी पडलं, कोणाला बाजरी आवडते, कोणाला ज्वारी. कुठं वही नाही, कागद नाही. मी थक्क होऊन ऐकत राहिलो. आमच्या कंपनीत दोन कपाटं भरून रजिस्टरं होती, तरी आम्हाला गेल्या हंगामाचं आठवत नव्हतं.

मग मी म्हणालो, "गुरुजी, मला एक कोंबडा पाहिजे."

गुरुजींनी कोपऱ्यात बोट दाखवलं. "ते पाखरू नेता का?"

कोपऱ्यात काय होतं? पिसं झडलेलं, मान खाली घातलेलं, भिजलेल्या छत्रीसारखं एक ध्यान! मला वाटलं, गुरुजी आपल्याला नवखा समजून आजारी कोंबडी गळ्यात मारतायत. मी मान हलवली. आणि तेवढ्यात माझी नजर गेली ती मांडीवरून नुकत्याच उतरलेल्या त्या दुसऱ्या पाखराकडं. काय डौल! काय छाती! पायाला नख्या अशा! माझ्याकडं असं बघितलं, की मीच एक पाऊल मागं सरकलो. याला म्हणतात नर!

"हा द्या गुरुजी. हाच."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ह्याला आम्ही माणिक म्हणतो," ते हळूच म्हणाले. "तुम्ही मूळचे कुठले?"

"मी जालन्याचाच. सासुरवाडी केदारखेडा."

बोललो आणि जीभ चावली. पण उशीर झाला होता.

"भाऊरावचे जावई का?"

आता काय करणार? "हो."

"हेच पाखरू पाह्यजे म्हणाले का ते?"

इथं, मित्रांनो, इथं मी माती खाल्ली. खरं सांगायचं ना? पण साहेबगिरी अंगात भिनलेली. मी ठसक्यात म्हणालो, "अगदी हेच. दुसरं कोणतंही आणू नका म्हणाले."

गुरुजी उठले. मग आत जाऊन बायकोला घेऊन आले. त्या बाईंनी माणिकला तळहातावर बाजरी चारली, मानेवरून हात फिरवला आणि पदरानं डोळे टिपले. "सांभाळा हं लेकराला," एवढंच म्हणाल्या. गुरुजींनी टोपलीत मऊ गवत घातलं, माणिकला आत ठेवलं, वरून पोतं बांधलं. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत! एका कोंबड्यासाठी एवढी माया!

परतीच्या एसटीत टोपली मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक म्हातारी, डोक्यावर पदर, तोंडात पान. मंठ्याच्या बाजारावरून येत असावी. गाडी थोडी पुढं गेली आणि टोपलीतून आवाज यायला लागला. कॉक, कॉक, कॉक…

म्हातारीनं कान दिला. "साहेब, ही अंड्यावर आलीया. गाडीत कुठं घेऊन निघाला?"

"मावशी, हा कोंबडा आहे."

"असं रडतं व्हय कोंबडं?"

"हा असील आहे. याचा आवाजच भारदस्त असतो." मी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणालो. पुढच्या सीटवरच्या दोघांनी मागं वळून बघितलं. मग काय, मी त्यांना असीलच्या नराची लक्षणं सांगायला सुरुवात केली. पाय, मान, छाती, नजर! कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायची थांबून ऐकायला लागला. सकाळी गुरुजींकडून ऐकलेलं सगळं मी माझंच म्हणून खपवून राह्यलो होतो. टोपली मधूनमधून माझं म्हणणं खोडून काढत होती, पण तिकडं कोण लक्ष देतो?

जालना आलं. उतरताना म्हातारी म्हणाली, "बरं बाबा, कोंबडा तर कोंबडा. पर टोपलीत हात घालताना जपून घाला. फुटंल."

काय फुटेल, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

जालन्याहून भोकरदनची गाडी धरून केदारखेड्याला पोचलो, तर अंगणात हीऽऽ गर्दी. जावई असील घेऊन येणार ही बातमी मामांनीच पसरवलेली. मामांनी टोपलीचं पोतं सोडलं. आत बघितलं. आणि त्यांचे हात तिथंच थांबले.

मी वाकून बघितलं. माणिक दिमाखात उभं, आणि पायाशी एक अंडं. ताजं, कोमट.

खोटं नाही सांगत, माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? की बघा, किती मोठं मन गुरुजींचं! कोंबड्याबरोबर एक अंडंपण भेट दिलं!

"अहो," शोभा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ही कोंबडी आहे."

अंगण फुटलं हसून. एक जण म्हणाला, "साहेबांच्या प्लॉटवर आता काय पिकत असंल देव जाणे!" मला वाटलं धरणी दुभंगावी. ह्या माणसाचं घराणं वाचवायला मी नर आणायला गेल्तो, आणि आता अंगणात दोन माद्या!

पण मामा हसत नव्हते. ते खाली मातीतच बसले होते. डोळे भरलेले.

"ही त्यानं दिली? सोताच्या हातानं?"

मग कळलं सगळं. असीलवाल्यांचा एक रिवाज असतो. नर मागा, देतील. मादी कधीच नाही देत. मादी दिली म्हणजे घराणंच दिलं. वीस वर्षांपूर्वी मामांनी गुरुजींकडं मादी मागितली होती. गुरुजी नाही म्हणाले. मामा वाट्टेल ते बोलले. जिवाभावाचे दोस्त, एका ताटात जेवणारे, त्या दिवसापासून बोलणं बंद.

आता मला सांगणं भाग होतं. "मामा, त्यांनी दिली नाही. मीच मागितली. तुम्ही हीच मागितली म्हणून सांगितलं."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की माणिकची नजर परवडली! ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "सकाळी निघू. ज्याची लेक त्याला वापस द्यायची."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, टोपली स्वतः मांडीवर घेतली. वाटूर येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही. गुरुजींच्या दारात दोघं समोरासमोर उभे राहिले. मी मागं, लपता येईल तेवढा लपलेला.

"सोनाजी," मामांनी टोपली पुढं केली. "पोराची गलती झाली. तुझी माणिक घे. आन् मागं जे बोललो मी, ते बी…"

"भाऊराव," गुरुजी म्हणाले, "दिलेली लेक कोणी वापस घेतं का?"

आणि कोपऱ्यात जाऊन ते भिजल्या छत्रीसारखं ध्यान उचलून आणलं. "ह्यो पण ने. पिसं झडलीत म्हणून असा दिसतो. पंधरा दिवसांनी बघ, अंगण कमी पडंल त्याला. ती एकटी जाऊन काय करील तिथं?"

दोघं ओट्यावर बसले. बाईंनी चहा केला, मग पिठलं-भाकरी केली, मग परत चहा केला. दोघं म्हातारे आपले कोंबड्यांच्या आज्या-पणज्यांवर बोलत होते, जणू वीस वर्षं नाही, मधी फक्त जेवणाची सुट्टी झाली होती. मधूनच एकमेकांच्या गुडघ्यावर थाप मारायचे. मी आयुष्यात खूप जातिवंत बियाणं हाताळलं, पण असली माणसं पुन्हा बघायला मिळाली नाहीत.

दिवाळीला केदारखेड्याच्या अंगणात माणिकच्या मागं नऊ पिल्लं फिरत होती. पुढं कुठून कुठून लोक ते घराणं बघायला यायला लागले, आणि मामा प्रत्येकाला आधी गुरुजींचं नाव सांगायचे.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंच. निघताना मी गुरुजींच्या पाया पडलो. म्हणालो, "गुरुजी, माफ करा. मी खोटं बोललो. मला तो नरच वाटला होता."

"ते मला तवाच कळलं व्हतं," गुरुजी म्हणाले. "तुम्ही 'हा द्या, हाच' म्हणत होते ना."

"मग दिली कशी?"

गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वीस वर्षं भाऊराव वाट बघत व्हता, मी देईन म्हणून. मी वाट बघत व्हतो, तो पुन्हा मागंल म्हणून. दोघं बी शहाणे. मादी मागायला कोणी शहाणा माणूस येणारच नव्हता. तुम्ही आले, बरं झालं."

मामा म्हणाले, "बराबर! बिलकुल बराबर!"

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! दोन वडीलधाऱ्या, जाणत्या माणसांनी माझं एवढं कौतुक करावं! मी हात जोडले, मान डोलावली, "तुमचा आशीर्वाद," म्हणालो आणि छाती काढून गाडीत बसलो.

गुरुजी नेमकं काय म्हणाले, ते माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा गाडी जालन्याच्या स्टँडमध्ये शिरत होती.