सुगनकाकींची जाळी

दुसऱ्या बाईचं विणकाम हातात आलं की सुगनकाकी ते आधी उलटं करून बघत. "पुढून काय, चोरबी सावच दिसतो," म्हणत, आणि मेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरून परत देत.

माझं पहिलं काम त्यांनी असंच परत दिलं. चौथीतून शाळा सुटलेली मी, लग्न होऊन रत्नागिरीकडून थेट जालन्याला आले होते. निजामी जाऊन थोडीच वर्षं झालेली; इथली निम्मी बोली मला कळत नसे. नणंदेचं लग्न ठरलं तशा सासूबाई म्हणाल्या, "रुखवतात मांडाजोगं एक तरी करून दाखव, न्हाई तर जा माहेरी परत." थट्टा की धमकी, मला ओळखता येईना. शेजारच्या मारवाड्यांच्या सुगनकाकींकडे मी रडतच गेले.

सोबत नेलेल्या जाळीच्या कापडावर मी क्रोशाची एकसारखी गुलाबं ओळीनं टाचून मधली जागा पानांनी गच्च भरली होती.

"हे फुलं हायेत का कवायतीचे शिपाई? अन् समदी जाळी झाकाची होती, तर मांजरपाट घ्यायचा!" काकींनी ते माझ्या हातात परत दिलं आणि सगळं उसवायला लावलं.

नमुना बघून विणणाऱ्यांना त्या 'नकलाकार' म्हणत. टाके मोजताना माझे ओठ हलले की, "जप करून राह्यली का?" त्यांची रीतच वेगळी: एक पाकळी मोठी, एक आखूड, पान सुई वळेल तिकडे. मग फुलं जाळीवर फेकायची आणि पडतील तिथंच टाचायची. अर्धी जाळी मोकळीच राहिली. एवढ्या तुच्छतेनं आणि एवढं मन लावून मला पुन्हा कुणी काही शिकवलं नाही.

रुखवतातलं सगळं नवरीनंच केलं असं सांगायची रीत. सासूबाईंनी तसंच सांगितलं. अंबडहून आलेल्या नवरदेवाच्या आत्यानं, जिनं जन्मात सुई धरली नसावी, जाळी उचलून नणंदेला विचारलं, "ह्या पाकळीला टाके किती गं घातले?"

नणंद माझ्याकडे बघायला लागली. सासूबाईही. मलाच ठाऊक नव्हतं.

"आत्याबाई," मागून सुगनकाकी म्हणाल्या, "गुलाबाचं झाड पाकळ्या मोजून घालतं का? मोजाचंच आसंल तर तिकडं लाडू हायेत. जल्दी जा."

बायका फिसकन हसल्या. आत्यानं जाळी खाली ठेवली.

मांडवाबाहेर मी काकींच्या पाया पडले.

"ऊठ. कडंचं पान लोंबून राह्यलंय, दिसलं न्हाई का?"

"काकी, आता मला परत तर नाही ना धाडणार?"

काकींनी तोंड वाकडं केलं. "येडी का काय! तुझी धाकटी नणंद अजून घरात हाय. तिचं रुखवत काय तुझी सासू इणती?"