मावशींची बालवाडी बागेत गेली तो दिवस

माझ्या बायकोच्या मावशींच्या घरून कुणी कोऱ्या हातांनी परत आलंय, असं अख्ख्या सावद्यात कधी घडलेलं नाही. दार उघडलं की 'या, बसा'च्या आधी तुमच्या हातात अर्धी कापलेली भेंडी येते आणि पुढ्यात रंगाची ताटली. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तो पांढरा सदरा घालून. "जावईबापू, भेंडीचं फूल कागदावर कसं उठतं पाहा तरी," म्हणत त्यांनी माझ्याकडून दोन कागद ठशांनी भरून घेतले. चहा त्यानंतर आला. सदरा पुन्हा पांढरा झाला नाही.

मावशींना सगळं गाव अक्का म्हणतं. घरच्या पुढच्या खोलीत त्या बालवाडी चालवतात. तीन ते पाच वर्षांची नऊ मुलं. पाटी नाही, पुस्तक नाही. ज्या दिवसांत जे पिकेल किंवा गळेल, तोच अभ्यास. पोळ्याला मातीचे बैल, दिवाळीनंतर कापसाच्या बोंडातली सरकी मोजायची, थंडीत भरताची वांगी लहान-मोठी अशी ओळीत लावायची आणि मग भाजून खायची. उन्हाळ्यात आंब्याच्या वाळलेल्या कोयांना डोळे काढून त्या खिडकीत मांडतात. वीजबिल द्यायला आलेला माणूस एकदा त्या बघून पायरीवरून मागे पडता पडता वाचला. साठी उलटली तरी बाई खुर्चीत बसत नाहीत. म्हणतात, "वरून पोरांची नुसती टाळकी दिसतात."

मागच्या थंडीत मी जळगावहून दोन दिवस गेलो होतो. केळफूल झाडावर कसं लोंबतं ते मुलांना दाखवायचं मावशींनी ठरवलं आणि आमची वरात गावाबाहेरच्या केळीच्या बागेत निघाली. मावशी पुढे, मी सगळ्यांच्या मागे. "शेवटचं पोर तुमच्या नजरेत राहू द्या," एवढंच माझं काम. बागेत शिरल्यावर ऑफिसचा मेसेज आला. मी उत्तर लिहिलं. दोन मिनिटं लागली असतील. मान वर केली तेव्हा मावशी मुलं मोजत होत्या. आठ. त्यांनी पुन्हा एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजलं. आठच.

खुशी नव्हती. किराणा दुकानाच्या शेठजींची चार वर्षांची नात. घरी बोलायची म्हणे, पण बालवाडीत येऊन सहा महिने झाले तरी तिनं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. मी तिच्या नावानं ओरडत धावत सुटलो. चहूकडे सारखीच खोडं, सारखीच लोंबती पानं. पाच पावलांपलीकडचं दिसेना.

"ओरडू नका," मावशी म्हणाल्या. "जी बोलतच नाही ती ओ कशी देईल? तुम्ही विहिरीवर जा."

विहीर बागेच्या टोकाला होती. कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी हिरवं, अगदी स्थिर. तळ दिसतो का ते पाहायला मी आणखी वाकलो. तेवढ्यात बागेतून मावशींचा आवाज आला, "तठी! तठी बसली आहे पाहा!"

धावत आलो तर मावशी ओल्या मातीत पालथ्या पडलेल्या. हाच आजचा धडा असावा असं समजून आठही मुलं त्यांच्या शेजारी पालथी. पानांच्या खाली जमिनीलगत लांबवर मोकळं दिसत होतं, आणि चार ओळींपलीकडे दोन छोटी पावलं. "मला नंतर उठवा, आधी तिला आणा!" मावशी म्हणाल्या. खुशी उकिडवी बसून केळफुलाच्या जांभळ्या पाकळ्या फ्रॉकच्या ओच्यात भरत होती. मावशींनी तिचं तोंड पदरानं पुसलं; पदराचा चिखलच तिच्या गालाला लागला.

"सापडली ना, आता कुणाला सांगायलाच नको," मी वाटेत पुटपुटलो. त्याच मळक्या पातळावर मावशी संध्याकाळपर्यंत नऊही घरी जाऊन आल्या. मी मागे. शेठजींना म्हणाल्या, "तुमची नात आज माझ्या हातून बागेत हरवली होती. वीस मिनिटं."

शेठजी म्हणाले, "अक्का, तुमच्या भरवशावर पाठवली होती हो."

"चूक माझीच आहे, शेठजी."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभा राहिलो. सोमवारी बालवाडीत चार मुलं आली. खुशीला बस न्यायला येते अशा मोठ्या शाळेत घातलं.

होळीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा गेलो. मावशी अंगणात पळसाची फुलं उकळत होत्या. त्यांनी ढवळायला डाव माझ्या हातात दिला.

"मावशी, त्या दिवशी मी मोबाईल पाहत होतो."

"ठाऊक आहे. मी पाहिलं होतं."

"मग शेठजींपुढे बोलला का नाहीत?"

"त्यांनी पोर माझ्याकडे पाठवलं होतं. तुमच्याकडे नाही." त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. पाणी केशरी होत चाललं होतं. "सहा महिने वाट पाहिली होती मी. आज बोलेल, उद्या बोलेल." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्या शाळेत बोलली असेल ना हो कुणाशी?"

"बोलली असेल," मी म्हणालो.